अजिंठ्याचा मेकअप उतरवताना

लाँग वीकएण्डला अजिंठ्याला जाऊन आलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते. 'चित्रं भारी आहेत यार, पण दिसतच नाहीत. सगळं पिवळट-तपकिरी!' खरंय. पण सगळा दोष दीड हजार वर्षांच्या वयाला देऊ नका. त्यातला बराचसा पिवळेपणा जेमतेम शंभर वर्षांचा आहे आणि तो चक्क काळजीपोटी आलाय.

चित्रांचे पोपडे सुटायला लागले म्हणून १९२० साली निजाम सरकारनं इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काऊंट ओर्सिनी हे दोन एक्स्पर्ट बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीला चिकटवला आणि वरून शेलॅकचा, म्हणजे फर्निचरला लावतात त्या लाखेच्या पॉलिशचा, हात मारला. चित्रं झळकली! पुढे तेच पॉलिश पिवळं पडलं, तडकलं, धूळ धरून बसलं. इटालियनांना लगेच शिव्या घालू नका. ते पोपडे तेव्हा गळून पडले असते, तर आज साफ करायला काय उरलं असतं?

आता पुरातत्त्व सर्वेक्षणाचे केमिस्ट हा थर उतरवतात. काम भलतंच स्लो. आधी कोपऱ्यातल्या चिमुकल्या तुकड्यावर टेस्ट, मग सॉल्व्हंटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा हलकेच फिरवायचा. बोळ्यावर पिवळं आलं तर ठीक. चित्राचा रंग आला की हात तिथंच थांबवायचा. कारण ही चित्रं फ्रेस्को नाहीत. ओल्या चुन्यात मुरलेला रंग इथं नाही. तो कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारख्या चिकट पदार्थानं धरलेला आहे. त्याखाली माती, भुसा, गवत. किड्यांसाठी बुफेच! (वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचं २०१६ मध्ये संशोधकांनी मांडलं. तिथं कीड कमी लागली, त्याचं श्रेय ते भांगेला देतात. हसू नका, सीरियस रिसर्च आहे.)

म्हणूनच या प्रोफेशनचा आजचा पहिला नियम: नंतर काढता येईल तेच लावा. उद्याच्या केमिस्टला आपलं काम पुसता आलं पाहिजे.

आणि तुम्ही-आम्ही? गर्दीच्या श्वासातला दमटपणा याच भिंतींवर बसतो. त्यामुळे लेण्यात माणसं मोजून सोडली, तर गार्डशी हुज्जत घालू नका. फ्लॅश बंद ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. दहाव्या लेण्यात जरा जास्त थांबा, तिथली काही चित्रं दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. आणि हो, सोमवारी लेणी बंद असतात.