साखर गेली, चोथा उरला. तो घोड्याला भिजवूनच का देतात?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे... म्हणजे" तेवढे काढून टाकलेत.

यावेळचा प्रश्न अमेरिकेतून आलाय. नॉर्थ डकोटामधल्या फार्गोजवळ राहणारा आपला एक श्रोता सुट्टीच्या दिवशी एका तबेल्यात मदतीला जातो. तिथे त्याला बजावून सांगितलंय की घोड्यांना बीटचा चोथा भिजवूनच द्यायचा. कोरडा दिला तर तो पोटात फुगतो आणि पोट फुटून घोडा मरतो. जवळच्या गोठ्यात मात्र गाईंना तोच चोथा कोरडा घालतात. त्याची व्हॉइस नोट होती, "दादा, मग गाईचं पोट फुटत नाही का?"

मी सॉफ्टवेअरवाला, जनावरांचा डॉक्टर नाही. पण प्रश्न भारी आहे, म्हणून नीट वाचून काढलं.

आधी हे बीट कुठलं? आपण कोशिंबिरीत घालतो ते लाल बीट नव्हे. हे पांढरट, जाडजूड शुगर बीट. 1747 मध्ये मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की बीटमधली साखर आणि उसातली साखर एकच आहे. आज फार्गोच्या आसपासचं रेड रिव्हरचं खोरं हा अमेरिकेतला बीटचा मोठा पट्टा आहे.

कारखान्यात बीटच्या बारीक फोडी करतात आणि गरम पाण्यात साखर उतरवून घेतात. चहाची पावडर उकळल्यावर गाळणीत चोथा उरतो ना, तसंच. तो चोथा दाबून पाणी काढतात. कारखान्याजवळचे गोठेवाले तो ओलाच नेतात, त्याचा मुरघासही करतात. लांब पाठवायचा असेल तर वाळवून गोळ्या बनवतात. 1 टन बीटमधून साधारण 50 किलो सुका चोथा निघतो.

आता कुणी म्हणेल, साखर काढून घेतली, मग उरलं काय? उरतो तंतू. पण सगळे तंतू सारखे नसतात, आणि इथेच खरी मेख आहे. लाकडाला कडकपणा देणारा लिग्निन नावाचा घटक असतो. तो जनावराच्या पोटातल्या जिवाणूंना फोडता येत नाही. बीटच्या चोथ्यात लिग्निन अगदी कमी आणि पेक्टिन भरपूर. पेक्टिन म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ. जिवाणू त्याचा पटकन फडशा पाडतात आणि त्यातून जनावराला ऊर्जा मिळते. म्हणून हा चोथा वैरणीसारखा दिसतो, पण ऊर्जेच्या बाबतीत धान्याच्या जवळ जातो.

याचा फायदा काय? गाईला मका किंवा धान्य जास्त झालं तर कोटीपोटात आम्ल वाढतं, गाय चारा सोडते, दुधाची फॅट उतरते. पेक्टिनपासून लॅक्टिक आम्ल तयार होत नाही, म्हणून थोडा मका कमी करून हा चोथा दिला तर पोट शांत राहतं. घोड्यात तंतू मोठ्या आतड्यात आंबतात. धान्य जास्त झालं तर न पचलेला स्टार्च तिथे एकदम जाऊन पडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर अचानक लोड. मग पोटशूळ, नाहीतर खुरांचा लॅमिनायटिस. चोथ्यात स्टार्च जवळजवळ नाही, म्हणून तो धोका कमी.

आता मूळ प्रश्न. पोट फुटतं ही दंतकथा आहे. खरा धोका पोटाच्या आधी, अन्ननलिकेत आहे. अधाशी घोड्याने कोरड्या गोळ्या न चावता गिळल्या तर त्या नळीत अडकू शकतात. श्वासनलिका मोकळी असते, त्यामुळे श्वास चालू राहतो, पण घोडा मान ताणतो, खोकतो, नाकातून लाळ आणि चारा येतो. घोड्याला उलटी करता येत नाही. अशा वेळी चारा-पाणी काढून घ्यायचं आणि लगेच डॉक्टरला बोलवायचं. गाय रवंथ करते, आणि तिला हा चोथा बहुतेक वेळा इतर वैरणीत मिसळून मिळतो, म्हणून तिथे कोरडा चालतो.

म्हणजे कारण चुकीचं सांगितलं, पण सल्ला बरोबर आहे. भिजवच, मित्रा. फक्त तीन गोष्टी ध्यानात ठेव. एक, वजन भिजवण्याआधी कर. फुगलेली बादली भरगच्च दिसते, आत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. दोन, उन्हाळ्यात भिजवलेला चोथा आंबतो, आंबट वास आला की फेकून दे. तीन, पिशवीवर मळी घातली आहे का ते वाच. साखर सोसत नसलेल्या घोड्याला बिनमळीचाच हवा. आणि हा पूर्ण आहार नाही. यात कॅल्शियम बऱ्यापैकी आहे, फॉस्फरस अगदी कमी.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे एवढे साखर कारखाने, मग उसाचा चोथा गाईला का घालत नाहीत? कारण तेच, लिग्निन. बगॅसमध्ये ते सुमारे 20 टक्के असतं, म्हणून तो बॉयलरमध्ये जळतो आणि वीज देतो. आपल्या जनावरांच्या वाट्याला येतात उसाचे वाढे. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. गळीत हंगामात महिनोन्महिने नुसते वाढेच घातले तर दुभत्या गाईला कॅल्शियम कमी पडतं. वाढ्यांसोबत लसूण घास आणि खनिज मिश्रण द्यायला हवं.

थोडक्यात, फुकट किंवा स्वस्त उरलेलं खाद्य दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा, यातून काय काढून घेतलंय आणि काय उरलंय? तुमच्या गोठ्यात काय घालता ते व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!