इंजिनाच्या तेलनळींतील धक्के व त्यांचें शमन

आपल्या मंडळाच्या पुष्कळ सभासदांच्या विहिरीवर अद्याप तेलाचें इंजिन आहे, व ट्रॅक्टर तर आतां गांवोगांव झाले आहेत. या दोहोंतहि पंपापासून नोझलापर्यंत डिझेल नेणारी एक बारीक नळी असते. ही नळी म्हणजे केवळ तेलाची वाट. ती लांब असली काय अन् आंखूड असली काय, तेल पोहोंचल्याशीं कारण, असा आमचाहि समज होता. तो आम्हांस महाग पडला. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें, यंत्रविद्येचे आम्ही पंडित नव्हों. तथापि ठेंच लागल्यावर जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवितों.

कांहीं वर्षांपूर्वीं ऐन रब्बीच्या पाण्याच्या वेळीं आमच्या इंजिनाची ही नळी चिरली. तालुक्याच्या गांवीं एका दुकानदारानें दुसऱ्या इंजिनाची, वीतभर लांब व आंतून रुंद अशी नळी वळवून बसवून दिली. इंजिन चाललें, पण काळा धूर निघूं लागला, ठोके पडूं लागले, तेल अधिक लागूं लागलें व नोझलाचें तोंड काजळीनें भरूं लागलें. आम्ही दोन वेळां नोझल बदललें, गहूं तहानलेला राहिला. शेवटीं एका वृद्ध मिस्त्रीनें नळीकडे बोट दाखविलें. मूळ मापाची नळी बसवितांच इंजिन पूर्ववत् झालें.

याचें कारण काय? पाणी नळांतून जोरानें चढत असतां पंप एकाएकीं बंद पडला, म्हणजे झडप आदळून सबंध नळ धडाडतो, हें प्रत्येकानें पाहिलें असेल. वाहतें पाणी अकस्मात् अडलें कीं त्याचा वेग दाबाच्या रूपानें उसळतो व ती लाट नळांतून मागेंपुढें धांवते. रशियांतील झुकोव्हस्की या विद्वानानें मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर १८९७-९८ सालीं प्रयोग करून या धक्क्याचा नियम बांधून दिला. तोच नियम आपल्या तेलनळीसहि लागू आहे.

मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनांत दर सिलिंडरास सेकंदाला साडेबारा वेळां फवारा मिळतो. एकेक फवारा सेकंदाच्या सुमारें पांचशेव्या हिश्शांत आटोपतो. डिझेलांतून दाबाची लाट सेकंदास सुमारें १३०० मीटर वेगानें जाते. म्हणजे ६० सेंटिमीटर नळींतून ती सेकंदाच्या सुमारें हजाराव्या हिश्शांत जाऊन परत येते. शिवाय वातावरणाच्या दीडशें पट दाबाखालीं डिझेल शेंकडा सुमारें एक भाग आकसतें. नळी लांब व रुंद केली कीं आकसणारें तेल वाढतें. पंपाचा जोर कांहींसा त्यांतच मुरतो व फवारा उशिरां सुटतो. पुढें फवारा संपून नोझलाची सुई बसल्यावर परतलेली लाट तिजवर पुन्हां आदळते. ती जोरदार असली तर सुई उचलते व अवेळीं चार थेंब आंत पडतात. ते नीट जळत नाहींत. धूर व काजळी त्यांचीच.

हे धक्के शमविण्याकरितां पंपाच्या माथ्यावर डिलिव्हरी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या अंगावर एक अरुंद पट्टा असतो. व्हॉल्व्ह खालीं बसतांना हा पट्टा नळींतील थोडें तेल मागें ओढून घेतो. त्यामुळें दाब झटकन् उतरतो व सुई घट्ट मिटते. किती तेल ओढावयाचें हें नळीच्या मापावरून ठरविलेलें असतें. आम्ही नळी बदलली, व्हॉल्व्ह तोच राहिला. हिशेब तेथेंच चुकला. कांहीं पंपांत याशिवाय बारीक भोंकाची झडपहि असते. परतणारी लाट त्या भोंकांतून जातांना नरम पडते.

नव्या इंजिनांत निराळी युक्ति आहे. दट्ट्याच्या पाण्याच्या पंपावर हवेची कोठी बसवितात, म्हणजे धार सारखी पडते. त्याच न्यायानें सर्व नोझलांस मिळून जाड पोलादाची एक सामाईक कोठी ठेवितात. तीस कॉमन रेल म्हणतात. येथें हवा नसते, तेलाचेंच आकसणें उपयोगी पडतें. कोठीच्या तोंडाशीं बारीक भोंकें ठेवून एका नोझलाचा धक्का दुसऱ्यापर्यंत जाऊं देत नाहींत. कोठी फार मोठी केल्यास इंजिन सुरू करतांना दाब चढण्यास वेळ लागतो. म्हणून मापांत मध्यम मार्ग साधावा लागतो. ही रचना १९९५ सालीं जपानांत मालमोटारींवर व १९९७ सालीं युरोपांत मोटारींवर आली. आपल्या देशांत १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाल्यावर तीहि शेतावर आली आहे.

सबब कृषिबंधूंनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. नळी बदलणें झाल्यास लांबी, आंतील भोंक व जाडी मूळचीच असावी. अनेक सिलिंडरांच्या इंजिनांत नळ्या सारख्या लांबीच्या असाव्या म्हणून ज्या वळणदार ठेविलेल्या असतात, त्या कापून सरळ करूं नयेत. नळ्यांच्या पकडी सैल झाल्यास त्वरित आंवळाव्या. थरथरीनें नळी चिरते. नोझल वारंवार काजळत असल्यास डिलिव्हरी व्हॉल्व्ह झिजला आहे काय हें आधीं तपासवावें.

अखेरची गोष्ट जिवाची आहे. चालू इंजिनाच्या नळीची गळती हातानें कधींहि चांचपूं नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. जुन्या इंजिनांतहि दाब वातावरणाच्या दोनशें पटींच्या आसपास असतो, कॉमन रेलमध्यें तो हजार पटींहून अधिक चढतो. अशी धार कातडी भेदून आंत शिरते. जखम टांचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें. उशीर झाल्यास बोट वा हातहि गमवावा लागतो. जुन्या इंजिनावर नट सैल करून सिलिंडर पारखण्याची जी संवय आहे, ती कॉमन रेलच्या इंजिनावर सर्वथा वर्ज्य करावी.

नळी हाताएवढी, पण इंजिनाचा हिशेब तिच्या मापावर बसलेला आहे. तो न मोडेल अशी काळजी प्रत्येकानें घ्यावी, इतकीच आमची विनंति आहे.