पंचगंगेपासून दूर

कोल्हापुरात माणूस गेला की सरणाचा खर्च घरच्यांवर पडत नाही. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते. होळी जवळ आली की गल्लीगल्लीतली मंडळं होळी लहान करतात आणि वाचलेल्या शेणी टेम्पोत भरून स्मशानात पोचवतात. आमच्या पेठेतल्या पोरांना त्यात काही विशेष वाटत नाही. बाहेरगावचे पाहुणे मात्र ऐकून गप्प होतात.

तिथून जवळच, घाटावर, छत्रपती घराण्याची काळ्या दगडाची समाधिमंदिरं आहेत. राजाराम बंधाऱ्यावर नदीच्या पाण्याला ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतात. महापुरात या मंदिरांची नुसती शिखरं पाण्यावर दिसतात. लोक फोटो काढतात आणि निघून जातात. मला विचाराल तर कोल्हापूरच्या गादीचा इतिहास कळायला घाट पुरत नाही. १८७० पासूनचे लागोपाठचे तीन छत्रपती कुठं आणि कसे गेले, ते बघावं लागतं.

त्यातले पहिले, राजाराम महाराज. विशीतला हा राजा १८७० मध्ये विलायतेला गेला, व्हिक्टोरिया राणीला भेटला, इंग्रजीत रोजनिशी लिहीत राहिला. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीत फ्लॉरेन्स इथं त्याचा मृत्यू झाला. प्रेत जाळायची त्या देशात रीत नव्हती. मोठ्या खटपटीनं परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी, चिता पेटली. जागा संगमाचीच का, हे आमच्या नद्यांच्या संगमावरच्या प्रयाग चिखलीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. छताखाली पागोटं घातलेला महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा बांधला तेच. फ्लॉरेन्सचे लोक या स्मारकाला ‘त्या हिंदी माणसाचं’ स्मारक म्हणतात. शेजारच्या पुलालाही तेच नाव पडलंय. इथं त्यांच्या नावाचं राजाराम कॉलेज आहे. तिथं शिकून गेलेल्या कितीजणांना ही छत्री ठाऊक असेल, देव जाणे.

महाराजांना मूलबाळ नव्हतं. १८७१ मध्ये दत्तक आले ते चौथे शिवाजी महाराज, अगदी लहान वयाचे. पुढं त्यांना वेडे ठरवून नजरकैदेत ठेवलं. या छळाबद्दल दिवाण बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ तुटून पडले, बदनामीचा खटला झाला आणि टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात जाऊन आले. पुण्याच्या इतिहासात ही गोष्ट ठळक अक्षरांत असते. ज्याच्यासाठी ती घडली तो राजा मात्र तळटिपेत उरतो. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, तो विशीतच गेला.

पुन्हा दत्तक. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव गादीवर आला आणि शाहू महाराज झाला. आरक्षण, वसतिगृहं, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, राधानगरीचं धरण, हे सगळं या दोन अकाली मरणांच्या मागून आलं. त्याचं श्रेय मरणांना द्यायचं कारण नाही, पण क्रम तसाच आहे.

६ मे १९२२ ला शाहू महाराज मुंबईत वारले. आपली समाधी नर्सरी बागेत व्हावी, अशी इच्छा त्यांनी सांगून ठेवली होती. ही बाग दलित वस्तीला, आताच्या सिद्धार्थनगरला, लागून आहे. राजाला राजघराण्याच्या रांगेतली जागा सहज मिळाली असती. त्यानं ही मागितली. ती इच्छा पुरी व्हायला २०२० चा जानेवारी उजाडला. शंभर वर्षं भरायला दोनच कमी होती. त्यांच्या नावानं मतं मागणाऱ्या शहराला हा उशीर शोभत नाही.

अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावरची भेळ, नव्या राजवाड्याचं म्युझियम, हे पाहुणे करतातच. पुढच्या खेपेला अर्धा तास राखून ठेवा आणि रिक्षावाल्याला सांगा, सिद्धार्थनगर, नर्सरी बाग.