कागद कोण वाचणार?

भाषाधोरण म्हटलं की आपल्याकडे दुकानांच्या पाट्या आठवतात, नाहीतर पहिलीतली हिंदी. २०२५च्या एप्रिलमध्ये निघालेल्या आणि जूनअखेर गुंडाळलेल्या त्या हिंदीच्या शासन निर्णयावर पानंच्या पानं भरली. पण बीड जिल्ह्यातल्या गेवराईत भाषेचा प्रश्न तहसीलच्या अभिलेख कक्षात भेटतो. जमिनीचा, जातीचा कागद कोणत्या लिपीत आहे आणि तो वाचणार कोण?

१९४८च्या सप्टेंबरपर्यंत गेवराई निजामाच्या राज्यात होती. दरबारी फारसीची जागा १८८०च्या दशकात उर्दूनं घेतली. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं. शास्त्रं आणि वैद्यक देशी भाषेतून शिकवण्याचं ते मोठंच धाडस होतं. मराठी विद्यापीठांची भाषणं करणाऱ्यांनी ते अजून नीट अभ्यासलेलं नाही. पण तेलुगू, मराठी, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेची उर्दू ही भाषा नव्हती. गावच्या दप्तरात मोडी, वरच्या कचेरीत उर्दू, आणि दोन्हींच्या मधे बसलेला तो खरा वजनदार. म्हणूनच इथे मराठी शाळा काढणं हे राजकारण ठरलं. स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते आणि तिथूनच ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या चळवळीत गेले.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला, १९६४ला राजभाषा अधिनियम आला. कचेरीत मराठी आली हे न्याय्यच. मात्र उर्दूत शिकलेले कारकून आणि वकील निवृत्त झाले, तसा जुना कागद मुका झाला. आजोबांच्या हातचा अर्ज नातवाला वाचता येईना.

हे आपल्यापुरतंच नाही. जपानमध्ये १९०० साली शाळांसाठी प्रत्येक उच्चाराचं एकच अक्षर ठरवलं गेलं, १९४६ला रोजच्या वापराच्या चित्रलिपीची यादी १८५० चिन्हांवर आणली. छापील मजकूर सोपा झाला. पण जुनं वळणदार हस्ताक्षर आज तिथल्या बहुतेक पदवीधरांना लागत नाही. फरक इतकाच, की तिथे ती बहुतांशी संशोधकांची अडचण आहे.

इथे ती घराघरांत शिरली. २०२३च्या ऑगस्टअखेर गोदावरीपलीकडे, अंतरवाली सराटीत, मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले आणि सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठवाडाभर बस्ते सुटले. उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांना एकदम भाव आला. खासरा पत्रकं, जन्ममृत्यूची रजिस्टरं. त्यांतला बराच मजकूर शिकस्ता वळणात. शिकस्ता म्हणजे घाईचं लेखन, नुक्ते गाळलेले, शब्दाला शब्द चिकटलेला. छापील उर्दूवर वाढलेला मास्तरही तिथे अडखळतो. ‘कुणबी’ हा शब्द लागला तर नातवाचा दाखला, नाही लागला तर हेलपाटे. इतकी मोठी सामाजिक मागणी चार अक्षरं ओळखणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहावी, हे मला धोरणाचंच अपयश वाटतं. मोडी-शिकस्ता वाचणारी माणसं साठ वर्षांत तयार करता आली असती.

आणि आजचा कारभार तरी? सातबारा मोबाइलवर मराठीत दिसतो, तालुक्याच्या कोर्टातही मराठी चालते. पण बांधाचा तंटा औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला की युक्तिवाद इंग्रजीत, निकालही इंग्रजीत. ज्याचा बांध आहे तो मागच्या बाकावर बसून राहतो, आणि बाहेर आल्यावर वकिलाला विचारतो, “साहेब, काय झालं म्हणायचं?”