खेळाडू युरोपात जातो, कारागीर पुण्याला जातो: ट्रान्सफर फीकडून शिकायचा धंद्याचा हिशोब



अंबाजोगाईत दुकान चालवणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात मोठी डोकेदुखी कोणती? भांडवलाच्या आधी उत्तर येतं, "पोरगं शिकवून तयार केलं की ते लातूरला नाहीतर पुण्याला जातं." टेलरिंग असो, मोबाइल रिपेअरिंग असो की ब्यूटी पार्लर, गोष्ट तीच. वर्षभर शिकवायचं आणि ऐन लग्नसराईत तो म्हणणार, "दादा, उद्यापासून येत नाही." मग मालक ठरवून टाकतो की यापुढे कुणाला पूर्ण काम शिकवायचंच नाही. धंदा वाढायचा थांबतो तो इथेच.

फुटबॉल क्लबांनाही हाच प्रश्न पडतो. अमेरिकेचा एखादा तरुण खेळाडू युरोपातल्या लीगमध्ये जाणार अशी बातमी आली की सगळे आकडा बघतात. आपण व्यावसायिक आहोत. आपण बघायचं की पैसे कुणाला मिळतात आणि का मिळतात.

विकलं काय जातं?

माणूस विकला जात नाही. विकली जातात करारातली शिल्लक वर्षं. समजा खेळाडूचा क्लबशी चार वर्षांचा करार आहे आणि दोन वर्षांनी त्याला दुसरीकडे जायचंय. राहिलेल्या दोन वर्षांचा हक्क सोडायचे जे पैसे जुना क्लब घेतो, ती ट्रान्सफर फी. करार संपला असेल तर फी शून्य. युरोपात पूर्वी करार संपल्यावरही क्लब खेळाडूला अडवून धरायचे. 1995 मध्ये युरोपीय न्यायालयाने बोसमन या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात ते बंद केलं.

आता अमेरिकेतल्या एकाच क्लबची दोन उदाहरणं बघा. एफसी डॅलसच्या अकादमीत वेस्टन मॅकेनी लहानाचा मोठा झाला. पण त्याने क्लबशी व्यावसायिक करार केला नव्हता. 2016 मध्ये तो जर्मनीच्या शाल्क क्लबकडे गेला आणि डॅलसला ट्रान्सफर फी मिळाली नाही. त्याच अकादमीतल्या रिकार्डो पेपीशी मात्र क्लबचा करार होता. जानेवारी 2022 मध्ये तो जर्मनीच्याच ऑग्सबर्गकडे गेला, तेव्हा सुमारे 2 कोटी डॉलरचा व्यवहार झाल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास दीडशे कोटी रुपये.

क्लब तोच, अकादमी तीच. फरक मोठा पडला तो कागदामुळे.

पुण्याचे मालक, इंग्लंडचा क्लब

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर पुण्यात या. कोंबडीपालनाच्या धंद्यातून मोठ्या झालेल्या आपल्या पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर 2010 मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. 2012 मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. क्लब चालवणं किती महाग पडतं, हे तिथे दिसलं. पण क्लबची अकादमी चालू राहिली. याच अकादमीत लहानपणापासून शिकलेला अॅडम व्हॉर्टन फेब्रुवारी 2024 मध्ये क्रिस्टल पॅलेसकडे गेला. तेव्हा त्याचं वय फक्त 19 होतं आणि सुरुवातीची रक्कम सुमारे 1 कोटी 80 लाख पौंड होती. शिकवण्यावर केलेला खर्च असा वसूल होतो.

याच ब्लॅकबर्नमध्ये आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधवही जाऊन आला. 2017 चा 17 वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळलेला हा मुलगा. 2019 मध्ये जमशेदपूर एफसीकडे असताना तो तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी तिकडे गेला. ही ट्रान्सफर नव्हती. करार जमशेदपूरचा आणि शिक्षण ब्लॅकबर्नचं. "बाहेर शिकायला पाठवलं की तो गेलाच" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. आधी बोलून, लिहून पाठवलं तर तो जास्त शिकून परत येतो.

पहिल्या गुरूचाही वाटा असतो

फिफाचा एक नियम मला फार आवडतो. खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर फीच्या 5 टक्के रक्कम वयाच्या 12 ते 23 वर्षांपर्यंत त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटली जाते. 12 ते 15 या वयाच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. हिशोब करा. फी 100 कोटी असेल आणि एखाद्या छोट्या क्लबने त्याला पहिली चार वर्षं शिकवलं असेल, तर त्या क्लबला 1 कोटी मिळतात. अट एकच. तो तुमच्याकडे होता, याची अधिकृत नोंद हवी. अमेरिकेची मेजर लीग सॉकर बरीच वर्षं हा पैसा मागतच नव्हती. तिने 2019 पासून मागायचं ठरवलं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

आता फुटबॉल बाजूला ठेवून दुकानात येऊ. तीन गोष्टी पक्क्या समजून घ्या.

1. "माझ्याकडून गेल्यावर दोन वर्षं या धंद्यात काम करायचं नाही" ही अट सहसा कोर्टात टिकत नाही. भारतीय करार कायदा 1872, कलम 27.

2. ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास वाजवी भरपाईची अट मात्र टिकू शकते. विजया बँकेच्या प्रकरणात मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट वैध धरली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्चही मोठा होता. म्हणून आपण दुकानात 2 लाख लिहायचे नाहीत. आपला आकडा आपल्या खऱ्या खर्चाएवढाच.

3. उचल देऊन माणूस बांधून ठेवायचा विचारही करू नका. ऊसतोडीच्या या जिल्ह्यात उचल म्हणजे काय हे मी सांगायला नको. कर्जापोटी माणसाला कामाला जखडून ठेवणं हा 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. मुलाची मार्कशीट, आधार कार्ड अडकवून ठेवणंही बंद करा.

मग करायचं काय?

*खर्च लिहा.* समजा टेलरिंगच्या मुलीला पुण्यात डिझायनर ब्लाउजच्या कोर्सला पाठवलं. फी 12,000, प्रवास-राहणं 3,000, सरावाचं कापड 3,000. एकूण 18,000. बदल्यात ठरलं, आल्यावर 12 महिने काम. म्हणजे महिन्याला 1,500 रुपये फिटत जातात. ती 7 महिन्यांनी गेली तर 5 महिने शिल्लक, म्हणून भरपाई 7,500. पूर्ण 18,000 मागू नका. आणि केलेल्या कामाचा पगार परस्पर कापू नका.

*नोटीस ठरवा.* ट्रान्सफरसाठी वर्षात दोनच ठरावीक काळ असतात, म्हणजे क्लबला पुढची तयारी करता येते. तुम्हीही एक महिन्याची नोटीस लिहून घ्या आणि लग्नसराईत थांबल्यास बोनस द्या.

*गिऱ्हाईक दुकानाचं ठेवा.* मापांची वही, गिऱ्हाइकांचे नंबर, ऑर्डरचं व्हॉट्सअॅप, सगळं दुकानाच्या मोबाइलवर. कारागीर गेला तरी वही जात नाही.

*दुसरा हात तयार ठेवा.* प्रत्येक महत्त्वाचं काम किमान दोघांना आलं पाहिजे.

*गेलेल्याशी नातं ठेवा.* फिफाने दिलेला वाटा तुम्हाला कायद्याने मिळणार नाही, नात्याने मिळेल. पुण्यात गेलेला तुमचा मुलगा उद्या जादाचं काम तुमच्याकडे पाठवू शकतो. "या दुकानात शिकलेली पोरं पुण्यात चालतात" ही जाहिरात तर फुकटच. शिकायला येणाऱ्यांची रांग त्यातूनच लागते.

करार मराठीत, एका पानाचा करा. समोरच्याला वाचून दाखवा, एक प्रत त्याला द्या आणि सही घेण्याआधी वकिलाच्या नजरेखालून घाला. मुलगा 18 वर्षांखालचा असेल तर असा करार करूच नका.

आज एक काम करा. तुमच्याकडच्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा. पुढे तीन रकाने: काय शिकवलं, किती खर्च झाला, किती महिने ठरलेत. तिसरा रकाना रिकामा असेल तर तुमची अवस्था 2016 च्या डॅलससारखी आहे. तो रकाना या आठवड्यात, समोर बसून, चहा पीत, दोघांच्या संमतीने भरा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.