पाहिले ते लिहावे, लिहिले ते पाठवावे

डॉक्टरांचे अक्षर लागत नाही, ही तक्रार जुनी आहे. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्या भागातले डॉक्टर, नर्स, औषधाच्या दुकानातले फार्मासिस्ट हे चिठ्ठी आणि रजिस्टर यांच्यापलीकडे फारसे काही लिहीतच नाहीत. दिवसभर माणसे पाहायची, रात्री दार लावायचे आणि पाहिलेले सगळे डोक्यात घेऊन झोपायचे. ते डोके एक दिवस निवृत्त होते आणि त्याच्याबरोबर तीस-चाळीस वर्षांचे पाहणेही जाते.

मी डिचोली तालुक्यातल्या पाळीत दवाखाना चालवते. माहेर खानापूर तालुक्यातले, त्यामुळे समोरचा पेशंट कोकणीत अडखळला की माझ्या तोंडून आपसूक "एल्लि नोवु?" बाहेर पडते आणि त्याचा चेहरा खुलतो. खाणींच्या पट्ट्यात आणि काजूच्या बागांत कामाला आलेली घाटावरची माणसे आमच्याकडे नेहमीची. अशा आडबाजूच्या दवाखान्यात संशोधन म्हणून लिहिण्यासारखे काय असणार, असे वाचकांना वाटेल. मला विचाराल तर लिहिण्यासारखे आधी इथेच येते, मोठ्या इस्पितळात ते नंतर पोचते.

माकडतापाचेच पाहा. कानडी वाचकांना तो 'मंगन कायिले' म्हणून ठाऊक आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडे मरून पडू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. रानातल्या गोचिडींतून पसरणारा हा विषाणू पुढे कित्येक वर्षे 'तिकडचा आजार' म्हणूनच ओळखला गेला. २०१५ मध्ये तो सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात दिसला. (नाव सारखे वाटले तरी आमची पाळी डिचोलीतली, ती पाली सत्तरीतली. पण दोन्ही तालुके एकमेकांना लागूनच.) २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात त्याची साथ आली. त्याच वर्षी दोडामार्गच्या साथीची आणि २०१७ मध्ये गोव्यातल्या काजूबागांत राबणाऱ्यांना होणाऱ्या लागणीची नोंद आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली.

आता यात लेखाचे काय महत्त्व? ते असे. काजूच्या हंगामात माणसे घाट उतरून खाली येतात आणि पावसाआधी परत जातात. कुणी अंगात ताप घेऊन बैलहोंगलला किंवा खानापूरला पोचतो. तिथल्या डॉक्टरने त्याला "गोव्याला काजूला गेला होतास का?" एवढे एक विचारले तर तपासणीची दिशाच बदलते. पण हा प्रश्न त्या डॉक्टरला सुचणार कसा? कुणीतरी आधी पाहिले, रक्ताचा नमुना पुण्याच्या विषाणू संस्थेकडे गेला, कुणीतरी ते लिहून पाठवले आणि ते छापले गेले, म्हणून सुचणार. आजाराला राज्याची सीमा कळत नाही, आपल्या सरकारी रजिस्टरांना मात्र ती बरोबर कळते. छापलेला निबंध ती ओलांडतो.

विंचवाची गोष्ट तर अनेकांना माहीत असेल. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर अशा रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा टिपत राहिले. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला, आणि २०११ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह केलेला अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की सुरुवातीला त्यांच्यापाशी यंत्रे नव्हती. घड्याळ, रक्तदाबाचे साधन आणि वही होती. याच डॉक्टरांनी 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मकथनही लिहिले. निरीक्षण करणारा आणि गोष्ट सांगणारा, दोघे एकाच माणसात सुखाने नांदतात.

आणि बेळगावकरांनी आपल्या जिल्ह्याला विसरू नये. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे खेड्यातल्या बायकांच्या मृत्यूचे मोठे कारण. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर एक अभ्यास झाला. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉ. कोडकणी, डॉ. गौडर आणि अमेरिकेतले डॉ. डर्मन अशांनी मिळून तो केला, पण गोळी बाळंतिणीच्या हातात ठेवली ती गावातल्या नर्सबाईंनी. मिसोप्रोस्टॉल मिळालेल्यांत जास्त रक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के, नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत १२ टक्के. २००६ मध्ये हे 'लॅन्सेट'ने छापले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. रक्त किती गेले हे मोजून लिहिणारा हात नर्सबाईंचा होता, हे मी आमच्या तरुण सिस्टरांना मुद्दाम सांगते. "आम्ही काय लिहिणार मॅडम?" याला माझ्याकडे हे उत्तर आहे.

आता ललित लेखनाकडे वळू. वैद्याने कविता करावी की नाही, हा वाद गोव्याच्या मातीत तरी शोभत नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला. तो लिहिला संवादाच्या रूपात, दोन मित्र गप्पा मारताहेत असा. त्याच्या आरंभी कामोइश या कवीची कविता आहे, आणि ती त्याची छापून आलेली पहिली कविता समजली जाते. पुढे पेडण्याच्या मांद्रे गावाने डॉ. भाऊ दाजी लाड दिले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले हे डॉक्टर दिवसा रोगी तपासत, महारोगावर देशी औषधाचे प्रयोग करत आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचून, कालिदासाच्या काळाविषयी निबंध लिहून ते एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मांडत. मुलींच्या हत्येच्या चालीवरील त्यांच्या निबंधाला बक्षीस मिळाले होते. म्हणजे 'निबंध मागवले आहेत' ही जाहिरात वाचून लेखणी उचलणारा डॉक्टर आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीही होता!

कानडीत तर ही परंपरा भरघोस आहे. 'राशि' या नावाने लिहिणारे डॉ. एम. शिवराम यांनी १९४२ मध्ये 'कोरवंजी' हे विनोदी मासिक काढले. आर. के. लक्ष्मण यांची चित्रे त्यात येत. डॉ. अनुपमा निरंजन यांच्या कथा-कादंबऱ्या आणि बायकांच्या आरोग्यावरची पुस्तके आपल्यापैकी कित्येकींच्या आईच्या कपाटात सापडतील. मराठीत डॉ. अनिल अवचट यांनी डॉक्टरकीची पदवी घेऊन आयुष्य लेखनाला वाहिले, तर डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'ने डॉक्टर स्वतः रोगी झाल्यावर काय होते ते घराघरांत पोचवले.

मग पाठवायचे कुठे? हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. पहिल्याच फटक्यात मोठा निबंध लिहायला बसू नये. संपादकास पत्र हा सर्वांत सोपा दरवाजा. चार-पाचशे शब्द, एकच मुद्दा. त्यानंतर एका रोग्याची हकीकत, म्हणजे केस रिपोर्ट. तो कसा लिहावा याचे 'केअर' नावाचे मार्गदर्शन २०१३ पासून उपलब्ध आहे, त्यातली यादी समोर ठेवली तरी निम्मे काम होते. दिल्लीच्या एम्समधून निघणारे 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया' नुसत्या आकड्यांचे नाही, त्यात डॉक्टरांचे अनुभवही येतात. मुंबईहून १९९३ पासून निघणारे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' दवाखान्यातले नैतिक पेच मांडू देते, आणि असे पेच खेड्यात पैशाला पासरी. दिल्लीतल्या वैद्यकीय शिक्षकांनी २०१४ मध्ये सुरू केलेले 'राइम' तर डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या कविता, लघुलेखही छापत आले आहे. अमेरिकेच्या 'जामा'त डॉक्टरांच्या मनोगताचे सदर १९८० पासून आहे. इंग्रजीचे भय वाटत असेल तर दिवाळी अंक आहेतच. मात्र त्यांचा मजकूर पावसाळ्यातच मागवला जातो, नवरात्रात पाठवून उपयोग नाही. मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची आणि निबंधांची स्पर्धा घेत आली आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची अल्पमुदतीची शिष्यवृत्ती आहे. घरात एमबीबीएस करणारे मूल असेल तर त्याला तिच्याविषयी कॉलेजात जरूर विचारायला सांगा.

एक इशारा इथेच देते. मला दर आठवड्याला 'आदरणीय प्राध्यापक' असे संबोधून एखादे पत्र येते. मी प्राध्यापक नाही, त्यांनी माझे नावही धड वाचलेले नसते. लेख पाठवा, तीन दिवसांत स्वीकारू, अमुक डॉलर भरा! एकदा गंमत म्हणून मी नियम विचारले, तर उत्तरात फक्त बँकेचा खाते क्रमांक आला. चांगली नियतकालिकेही काही वेळा शुल्क घेतात, म्हणून शुल्क म्हणजे फसवणूक असे नव्हे. पण तज्ज्ञांकडून लेखाची तपासणी तीन दिवसांत होत नसते. ते नियतकालिक मेडलाइनमध्ये नोंदलेले आहे का, संपादक मंडळातली माणसे खरोखर तिथे आहेत का, हे पाहावे. यूजीसीची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा "आम्ही त्या यादीत आहोत" ही फुशारकी आता कामाची नाही. (वरचे केस रिपोर्टचे 'केअर' वेगळे, घोटाळा नको.)

याहून मोठी जबाबदारी रोग्याच्या नावाची. मुंबईत 'बावन्न वर्षांची एक स्त्री' म्हटले की ती गर्दीत हरवते. पाळीत 'बावन्न वर्षांची, नवरा ट्रकवर, धाकटा दुबईला' एवढे लिहिले की शेजारीण नाव सांगेल. कथा-कवितेत आपण वय बदलू शकतो, गाव बदलू शकतो, दोन माणसांचे एक करू शकतो. संशोधनात हे चालत नाही. तिथे तपशील वगळता येतो, खोटा घालता येत नाही. म्हणून लेखी संमती घ्यायची, आणि ती रोग्याला वाचता येईल त्या भाषेत. कानडी माणसाची सही इंग्रजी कागदावर घेतली तर ती संमती कसली? इथे आपली दुभाषी घरे फार उपयोगाची आहेत. आमच्या संमतिपत्राचा कानडी मसुदा माझ्या वहिनीने केला, ती शाळेत शिक्षिका आहे.

आमच्या दवाखान्यातली सिस्टर सौंदत्तीकडची. ती रजिस्टरच्या मागच्या पानांवर कानडीत कविता लिहिते, हे मला वर्षभराने कळले. एक कविता पोटातले मूल गेलेल्या बाईवर होती. तिने बिचकत विचारले, "अक्का, हे कुठे पाठवू का?" मी वाचली. चांगली होती. पण त्यात बाईच्या हिरव्या बांगड्या होत्या, गावच्या देवळाची पायरी होती आणि वार होता.
"ती बाई हे वाचेल तर?" मी विचारले.
"तिला वाचता येत नाही."
"तिच्या नणंदेला येते."
सिस्टर गप्प झाली. दोन दिवसांनी नवी प्रत आणली. देऊळ गेले, वार गेला, बांगड्या मात्र तिने ठेवल्या. "अक्का, बांगड्या काढल्या तर कविताच राहत नाही." तिचे म्हणणे मला पटले, हिरव्या बांगड्या काय, घरोघरच्या हाती असतात. तरीही ती त्या बाईला भेटून, वाचून दाखवून, विचारून आली. बाई रडली आणि हो म्हणाली. कविता हुबळीकडच्या एका मासिकाला गेली आहे, अजून उत्तर नाही.

माझे स्वतःचे काम रुक्ष आहे. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रकांची रांग आणि लाल धूळ होती तेव्हाची आणि ती नव्हती तेव्हाची, दोन्ही काळांची माझी रजिस्टरे जपून ठेवलेली आहेत. धुळीने खोकला वाढतो, हे गावात कुणीही सांगेल. किती वाढतो, कुणाचा वाढतो, धूळ थांबल्यावर किती दिवसांनी उतरतो, हे सांगायला मोजावे लागते. जुन्या नोंदी असल्या तरी अशा कामाला नैतिकता समितीची परवानगी लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे, स्वतःची समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येते. लहान दवाखान्यांनी जवळच्या मेडिकल कॉलेजातल्या जनआरोग्य विभागाचा दरवाजा ठोठवावा. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रबंधाला विषय हवाच असतो, आणि आपल्याकडे विषयांची पोती भरलेली असतात. मीही तसेच केले, आणि परवानगी मिळाल्यावरच वह्या उघडल्या.

आकडे आत्ताच सांगत नाही, मोजणी अर्धवट आहे. दुपारी दवाखाना रिकामा झाला की सिस्टर तारीख आणि तक्रार वाचते, नाव वाचत नाही, मी रेघा ओढते. २०११ चा मार्च संपत आला आहे.