उपग्रहाच्या साहाय्याने शेताची मोजणी

बीड जिल्ह्यात गोदाकाठच्या गेवराई व माजलगाव तालुक्यांत ऊस उभा असताना एका बांधावरून दुसरा बांध दिसत नाही. मोजणीतील पहिली अडचण हीच होय. पूर्वीच्या ३३ फुटी साखळीस वाट मोकळी लागे. आजच्या टोटल स्टेशन यंत्रास नजरेची रेषा मोकळी लागते. तिपाईवरील हे यंत्र काठीला बसविलेल्या काचेच्या लोलकावर किरण टाकते आणि परतलेल्या किरणावरून अंतर व कोन काढते.

याच्या स्वयंचलित प्रकारात काठी घेऊन चालणाऱ्या भूकरमापकामागे यंत्र आपोआप वळत राहते. स्वीडनमध्ये १९९० साली असे पहिले यंत्र तयार झाले. परंतु बैलजोडी आडवी गेली किंवा काठी फडाआडून पलीकडे निघाली की लोलक निसटतो, आणि यंत्र त्याला चहूकडे शोधीत बसते. म्हणून त्याच काठीवर, लोलकाच्या वर, उपग्रहांचे संदेश टिपणारे उपकरण, म्हणजे रोव्हर, बसवितात. काठी कोठे आहे हे रोव्हर बिनतारी संदेशाने कळवितो व यंत्र थेट त्या दिशेस वळते. मात्र आरंभी दोन-तीन जागा दोन्ही साधनांनी मोजून त्यांचा मेळ घालावा लागतो.

उघड्या माळावर एकटा रोव्हरही पुरतो. राज्यात उभारलेल्या ७७ कायम स्थानकांकडून दुरुस्ती मिळाल्यास त्याची चूक काही सेंटिमीटरांवर येते. दाट चिंचेखाली किंवा बालाघाटाच्या अरुंद दऱ्यांत आकाश झाकले जाते; तेथे बाहेर मोकळ्यावर रोव्हरने दोन खुणा ठरवून त्यांवरून टोटल स्टेशनने आत मोजावे.

मोबाइलवरील नकाशा पाहून बांध सरकविण्याचा मोह काहींना होतो. तो धोक्याचा आहे. मोबाइलची चूक काही मीटरांची असते. १०० मीटर बांधात ३ मीटरांचा फरक पडला तर ३०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ३ गुंठे जमीन इकडची तिकडे होते, आणि एवढ्यावरून भाऊबंदांत वर्षानुवर्षे दावे चालतात.

शिवाय उपग्रहावरून केवळ जागा कळते. हद्द मूळ टिपण, नकाशा व जमिनीवरील दगड यांवरूनच ठरवावी लागते. हे दगड राखण्याची जबाबदारी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये जमीनधारकावर आहे. मोजणीची नोटीस येताच गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लगतच्या खातेदारांस हजर राहण्यास सांगावे व झुडपे काढवून दगड उघडे करवावेत. उसाच्या रानाचा अर्ज शक्यतो तोडणीच्या सुमारास करावा.